पुढच्या सीटचा माणूस

सायकलवरून खाली उतरले की ते बोलत नसत. चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि समोरच माझ्या मामाचा ढाबा. दिवसातून तीनदा ते एक चप्पल घासत रस्ता ओलांडून चहाला यायचे आणि एक अक्षर न बोलता परत जायचे. डोळस लोकांना याचं काही वाटत नसे, कारण गप्प असला तरी माणूस दिसतो. मला दिसत नाही. न बोलणारा माणूस माझ्या लेखी तिथं नसतोच. हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे पुढे ते आले की स्टीलचा पेला टेबलावर दोनदा आपटायचे. टक टक. म्हणजे मी आलोय, आता आणखी काही विचारू नका.

हाच माणूस टँडेमच्या पुढच्या सीटवर बसला की जो तोंडाचा पट्टा सुटायचा, तो उतरेपर्यंत थांबायचा नाही. टँडेम म्हणजे दोन सीटची, दोन जोड पायडलांची लांब सायकल. आमच्याकडे तिला डबल सायकलच म्हणतात. पुढे डोळस माणूस बसतो, हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्या हातात. मागे माझ्यासारखा. अंधांच्या शर्यतीत पुढच्याला पायलट म्हणतात. त्यांना तो शब्द अजिबात आवडत नसे.

"पायलट इमानात," ते म्हणायचे. "आमी पुढचे, तुमी मागचे."

मी एकोणीस वर्षांचा, ते पन्नाशी ओलांडलेले, तरी मला शेवटपर्यंत तुमी. एकदा मी काका म्हणून हाक मारली तर म्हणाले, "काका घरी. हितं पुढचे म्हणा." मग मी घरीदारी त्यांना पुढचेच म्हणत राहिलो. आता नाव घ्यायची वेळ आली तरी माझ्या तोंडात तेच येतं.

रस्त्याची त्यांची स्वतःची भाषा होती. गतिरोधक आला की "म्हैस!" का, तर रस्त्यात आडवी बसलेली असते आणि हॉर्न वाजवून उठत नाही. मागून ट्रक आला की "पाव्हणा आला, डावीकडं सरा." चढ म्हणजे सासुरवाडी आणि उतार म्हणजे माहेर. म्हशी त्यांना मोजून पाठ होत्या. चौकपासून खोपोलीपर्यंत कुठल्या ढाब्यासमोर नवी म्हैस पडली, कुठली पावसात वाहून गेली, याची बातमी त्यांना ग्रामपंचायतीच्या आधी असायची. खालापूरच्या पुढे गेलं की मात्र ते मिनिटभर गप्प बसायचे आणि मग विचारायचे, "मागचे, आलं का?" नदीच्या बाजूनं गार वारा आलेला असायचा. त्यांचं म्हणणं, वीजघरातून पाणी सोडलं की तो वारा येतो. "हे तुमाला माझ्या आधी कळतं. मी नाय सांगनार." सहा वर्षांत ती एकच गोष्ट त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती.

आमची गाठ पडली ती लसणामुळे. पोशीरला आमची भातशेती. चौदाव्या वर्षी तापात माझे डोळे गेले आणि पाच वर्षं मी ओटीवर बसून काढली. आईनं हातानं घास भरवायचं तेवढं बाकी होतं, एवढाच माझा मान राहिला होता. मामानं मला चौकला आणलं आणि ढाब्यावर लसूण सोलायला बसवलं. एका सकाळी समोर टक टक झालं आणि पहिल्यांदाच आवाज आला.

"पाय चालतात ना?"

"चालतात."

"मग लसूण कशाला सोलता?"

त्यांनी भंगारातल्या दोन सायकली कापून, जोडून एक डबल सायकल बनवली होती. कुणासाठी, ते मला कधीच कळलं नाही. वर्षभर ती दुकानाच्या मागे उभी होती म्हणे, आणि लोक हसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला मागे बसवलं, माझे हात मागच्या हँडलवर ठेवले आणि म्हणाले, "बघायचं काम माझं. तुमी फिरवा." कर्जत फाट्यापर्यंत गेलो असू. मी पाच वर्षांत पहिल्यांदा घामानं भिजलो. परत आल्यावर मी मोरीत जाऊन रडलो, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पुढे मुंबईच्या एका क्लबनं आम्हाला शर्यतीची खरी टँडेम दिली, हलकी, दांड्यावर बोट मारलं तर वाजणारी. मामानं ढाब्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला जागा केली.

टँडेमवर दोघांची पायडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. पुढच्यानं मारलं की मागच्याचे पाय फिरतात, मागचा थांबला तर पुढच्यालाही थांबावं लागतं. त्यामुळं एकमेकांचं सगळं पायातून कळतं. त्यांचा ताप मला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या आधी कळायचा. मुलीशी फोनवर भांडले की पायडलाला राग यायचा. मी आदल्या रात्री नीट झोपलो नाही तर ते फाट्यापर्यंतसुद्धा जाऊ न देता म्हणायचे, "झोपा काढून या." म्हणून मी समजत होतो की या माणसाचं मला सगळं ठाऊक आहे. त्यांची पाठ माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर, तिला रॉकेलचा आणि खोबरेल तेलाचा वास. एवढ्या जवळून मी माझ्या बापालाही ओळखत नव्हतो.

एक गोष्ट मात्र मी सायकलच्या खात्यावर टाकली होती. डावं पायडल वर येऊन खाली जायला लागलं की निमिषभर अडल्यासारखं व्हायचं. तिथं मी जोर लावायचो आणि ते पुढं सरकायचं. प्रत्येक फेऱ्याला तेच. मला वाटायचं, डबल सायकल अशीच असते. दुसऱ्या कुणाबरोबर मी कधी बसलो होतो?

घंटीचा किस्सा सांगायलाच हवा. शर्यतीच्या सायकलला घंटी नसते. यांच्या सायकलला होती, पितळेची, आपल्या हातानं घासलेली. "कुनाच्या पुढं जाताना सांगून जावं," असं त्यांचं मत. राज्याच्या शर्यतीत पंचांनी ती काढायला लावली. अर्धा तास हुज्जत घालून त्यांनी ती काढली, खिशात ठेवली, आणि शर्यत सुरू झाल्यावर ज्या ज्या जोडीला आम्ही मागं टाकलं तिच्या बाजूला गेल्यावर तोंडानं म्हणाले, "ट्रिंग ट्रिंग. येतो हं." एका जोडीचा पुढचा इतका हसला की त्याची सायकल झोकांडी खाऊन गेली. आम्ही दुसरे आलो. बक्षीस घेताना हे पुन्हा मुके.

त्या दिवशीचा फोटो पेपरात आला. अंध तरुणाची भरारी, असं काहीतरी वर लिहिलं होतं. मामानं वाचून दाखवला. फोटोत मी, माझं पदक, आणि डाव्या कडेला कुणाचा तरी कोपर. पुढचे कापले गेले होते. नावही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण मी कापणाऱ्यांना काही म्हणालो नाही, आणि खरं सांगायचं तर पेपर दोनदा वाचून घेतला. त्यांनी ते कात्रण दुकानात चिकटवलं. काकू सांगायच्या, कुणी नवं गिऱ्हाईक आलं की हे पान्यानं फोटोतल्या कोपरावर टकटक करायचे. एवढंच. पुढचं गिऱ्हाइकानं समजून घ्यायचं.

सहाव्या वर्षी देशाच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली. तिथं ठरावीक वेळेच्या आत आलात तर शिबिराला बोलावणं, नाही तर घरी. माझं वय पंचवीस. आणखी चार वर्षांनी मला कुणी विचारणार नव्हतं आणि लसणाचं टोपलं ढाब्यावर अजून तसंच होतं. आम्ही रोज पहाटे खोपोलीपर्यंत जाऊन येत होतो आणि रोज कमी पडत होतो. फार नाही, पण रोज.

क्लबनं नेमलेले कोचसर अलिबागहून महिन्यातून दोनदा यायचे. त्यांनी एकदा टेपनं माझ्या मांड्या मोजल्या आणि म्हणाले, "तुझी डावी मांडी उजवीपेक्षा जाड कशी रे?" मी म्हटलं, असेल. मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू थकत नाहीस. ते थकतात. खोपोलीचा एक मुलगा आहे, शर्यती मारतो, उंच आहे. एकदा त्याच्याबरोबर बसून बघ. त्यांना आत्ताच सांगू नको, उगाच वाईट वाटेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान, सांगून बसेन, असं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "ते रविवारी मुलीकडे पेणला जाणार आहेत."

त्या रविवारी खोपोलीचा तो तरुण आला. त्यानं पुढची सीट चार बोटं वर केली आणि आम्ही निघालो. तो फारसं बोलला नाही. "ब्रेकर", "राइट", "ट्रक" असे शब्द तेवढे टाकायचा. पण पाय! पायडल अडलंच नाही. एकदाही नाही. लोण्यातून सुरी जावी तसं फिरत राहिलं आणि वारा कानात इतका मोठा झाला की मला भीती वाटली. खालापूरच्या पुढं गार वारा आला, तो मी कुणाला सांगितला नाही. कोचसरांनी वेळ सांगितली. आम्ही आत होतो, चांगले आत. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी लाज नव्हती, निव्वळ आनंद होता.

तो गेल्यावर मी शेडमध्ये एकटा बसून सीट पूर्ववत केली. सीटच्या दांड्यावर पुढच्यांनी आपल्या उंचीला कानशीनं एक खाच मारून ठेवली होती. दांडा कितीदाही काढला तरी पुन्हा तिथंच बसावा म्हणून. ती खाच मला अंगठ्यानं सापडली. दांडा तिथवर खाली घेतला, नट आवळला, सीटचं टोक सायकलच्या नळीच्या बरोबर रेषेत आणलं, दोनदा हात फिरवून खात्री केली. दिसत नसताना इतकं नेमकं काम केल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

सोमवारी पहाटे पुढचे आले. चढून बसले, मी मागं बसलो, आणि निघालो. ते बोलले नाहीत. मला वाटलं, पेणहून उशिरा आले असतील. फाटा गेला तरी नाहीत. मग धाडकन् म्हैस आली. त्यांनी सांगितलीच नाही. माझी हनुवटी त्यांच्या पाठीवर आपटली आणि जीभ दाताखाली आली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी सायकल कडेला घेतली. उतरले नाहीत. एक पाय टेकवून तसेच बसून राहिले.

"कोन बसला व्हता?"

माझ्या तोंडात रक्ताची चव होती. मी म्हणालो, "कुठं?"

"माझ्या सीटवर."

"कोणी नाही."

"सीटचं नाक सरळ झालंय," ते म्हणाले. "माझं जरा डावीकडं असतं."

"मला माहीत नव्हतं."

"सहा वर्षं मागं बसलात."

मी पुन्हा म्हणालो, "कोणी नाही बसलं. शेडमध्ये कुणाचा तरी धक्का लागला असेल." माणूस एकदा खोटं बोलला की दुसऱ्या खोट्याला किती सहज हात घालतो, ते मला त्या सकाळी कळलं.

"बरं," ते म्हणाले.

आणि मग खोपोलीपर्यंत त्यांनी सगळा रस्ता सांगितला. म्हैस, पाव्हणा, सासुरवाडी, एकही गाळलं नाही. खालापूरच्या पुढं वारा आला तेव्हा मात्र विचारलं नाही. मी वाट बघत होतो. परत आल्यावर उतरले आणि म्हणाले, "चाक जरा लचकतंय. सायकल दोन दिवस दुकानात ठेवा." चाक लचकत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही पायातून ठाऊक होतं.

बुधवारी काकू सायकल ढकलत ढाब्यावर घेऊन आल्या. "त्यांनी सांगितलंय, उंच मानूस बसवा. त्यांना आता दुकान सोडून जमनार नाय."

मी शेडमध्ये नेऊन सायकलीवर हात फिरवला. साखळी धुतलेली, तेल दिलेलं. पुढची सीट चार बोटं वर, अगदी त्या मुलाला हवी तेवढीच. दांडा जिथं आवळला जातो तिथं वळ उमटतो, त्यांनी तो वाचला असणार. नाक सरळ. मग मी अंगठा खाली खाली नेला. खाच नव्हती. कानशीनं घासून, वरून बारीक पॉलिश कागद मारून त्यांनी ती काढून टाकली होती. मी सगळा दांडा चारी बाजूंनी चाचपला. तो सगळीकडून गुळगुळीत लागत होता.

रस्ता ओलांडून दुकानात जायला मला कुणाची मदत लागत नसे. बावीस पावलं होती. मी गेलो नाही. आधी वाटलं, राग निवळू दे. मग चाचणी आली, मग शिबिर, मग वाटलं, पदक घेऊनच जाऊ, म्हणजे सगळं आपोआप मिटेल. चहाच्या वेळी मी मुद्दाम आत भटारखान्यात जाऊन बसायचो. पण पेला वाजायचाच नाही. मामा म्हणाला, "ते आता घरनंच थर्मास आनतात." असे अकरा महिने गेले.

देशाच्या संघातून उतरलो आणि पदक मिळालं. तिसरा नंबर, पण पदक. चौकात मामानं फटाके लावले. दुसऱ्या दिवशी मी बावीस पावलं चाललो. दुकान बंद होतं. शेजारच्यानं घरी नेऊन सोडलं. पुढचे पावसात दुकानाच्या पायरीवर पडले होते आणि तेव्हापासून उठले नव्हते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, का मीच कुणाला विचारलं नव्हतं, देव जाणे.

मी खाटेजवळ बसलो. ते बोलले नाहीत. उतरलेले होते ना. थोड्या वेळानं टक टक झालं. पेला असावा. मी पदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं सुलटं केल्याचा आवाज आला, रिबिनीची सळसळ आली. त्या दिवशी मी खोटं बोललो, एवढंच वाक्य मी रस्ताभर घोकत आलो होतो. त्याऐवजी मी शिबिरातल्या जेवणाचं सांगत बसलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "पायडल सरळ फिरतं का?"

"हो. एकदम सरळ."

"बरं," ते म्हणाले, आणि पदक माझ्या मांडीवर ठेवलं.

माझ्याशी बोललेला तो त्यांचा शेवटचा शब्द. दिवाळीच्या आधी ते गेले. मी स्मशानात होतो, लोक पाठीवर थाप मारून पदकाबद्दल अभिनंदन करत होते आणि मला त्यांचे हात झटकून टाकावेसे वाटत होते.

तेराव्यानंतर मी काकूंसमोर बसलो आणि ते वाक्य त्यांना सांगितलं. ज्याला सांगायचं त्याला सांगता आलं नाही की माणूस असा कुणापुढेही वाकतो. काकू निवडत असलेले तांदूळ सुपात खळखळत होते, ते थांबले.

"त्यांना ठावं व्हतं रं," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या कळलं म्हनाले. त्या दिशी जेवले नाय."

मग मी नाकाबद्दल विचारलं. सीट डावीकडं का?

"खुब्यामुळं. लगनाच्या आधीचं हाय ते. घाटात शर्यतीला उतरताना पडले, डावा खुबा गेला. डाव्या पायात जोर नाय. चालताना फरफटत चालायचे, तुला कळलं नाय?"

मला ती घासत येणारी चप्पल आठवली. सहा वर्षं रोज तीनदा मी ती ऐकत होतो. मी समजायचो, चपलेचा अंगठा तुटला आहे आणि हा चिक्कू माणूस नवी घेत नाही.

"मला सांगितलं का नाही?"

"मी म्हनायची, सांगा त्या पोराला. म्हनायचे, कळलं तर तो माझी दया करंल. त्याची सगळ्यांनी केली, आता त्याला दुसऱ्याची करायला लावू का? आमच्या सायकलीवर ते नको."

त्या पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या. मी तिथंच बसलो होतो. माझा हात आपोआप माझ्या डाव्या मांडीवर गेला. कोचसरांनी टेपनं मोजलेली, उजवीपेक्षा जाड. प्रत्येक फेऱ्याला जिथं पायडल अडायचं आणि मी जोर लावायचो, तिथं सायकलीचं काहीच बिघडलेलं नव्हतं. ते सहा वर्षं मला डोळे देत होते आणि मी त्यांना एक पाय देत होतो. त्यांना ते माहीत होतं, मला नव्हतं.

मी अजून शर्यती मारतो. खोपोलीचा तो तरुण चांगला आहे. हुशार आहे आणि माझी काळजी घेतो. आम्ही त्याच रस्त्यानं जातो, त्याच म्हशी येतात, तो त्यांना ब्रेकर म्हणतो. त्याची हल्ली एकच तक्रार आहे. आमची सायकल एका अंगाला ओढते. दर फेऱ्याला मी डाव्या पायडलाला उगाच जास्तीचा जोर देतो आणि तिथं आमची लय मोडते. निवडीच्या वेळी हेच नडेल, असं कोचसरही म्हणतात.

"दादा, डावा हलका ठेवा," तो दर पहाटे निघताना सांगतो. "तिथं काही अडत नाही आता."

मी हो म्हणतो, आणि डावा तसाच दाबतो.